यंत्राच्या तोंडची भाषा

माझ्या एकुलत्या एका कादंबरीला लोक प्रयोगशील म्हणतात. पृथ्वी सोडून गेलेलं एक सरकारी खातं आणि ते चालवणारं, बिघडत चाललेलं यंत्र. निवृत्तीनंतर रद्दीतली परिपत्रकं, जाहिराती, वर्तमानपत्रं कापून, पट्ट्या जुळवून, चिकटवून मी ती रचली. एवढं खरं आहे. यंत्राची भाषा मात्र मी घडवली नव्हती.

पक्षाघातानंतर बायकोच्या बोलण्यात शब्दांची अदलाबदल व्हायची. पोळीला ती भलतंच काही म्हणायची, मध्येच हिंदी यायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ते टिपायचो. तिला वाटायचं, डॉक्टरांना दाखवायला. मी तसं वाटू दिलं.

पुस्तक आल्यावर करोल बागेत दिल्लीतल्या मराठी मंडळींनी वाचन ठेवलं. बायको पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. एका गृहस्थांनी यंत्राची पानं आवाज काढून वाचली. लोक पोट धरून हसले.

"दिल्लीची उद्याची मराठी पकडलीत राव!" मागून कोणीतरी ओरडलं. मी हात जोडले. बायको मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

त्यानंतर माझ्याशी ती हो-नाहीपुरतंच बोलू लागली. मुलीशी बोलते.

आता प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची आहे. आम्ही नोएडात मुलीकडे राहतो. तिला म्हटलं, या वेळी आईचं नाव माझ्या आधी घालतो.

"तिला विचारलंस, बाबा? की परत तूच ठरवलंस?"

विचारलं नव्हतं.

बायको मेथी निवडत होती. पुस्तक घेऊन समोर बसलो, सगळं सांगितलं, डॉक्टरांचं खोटंही. मग विचारलं, नाव घालू?

तिने हातातला देठ मोडला.

"नाव नको." मग पुस्तकावर बोट ठेवून, सावकाश, "माझं बोलणं काढ."

"ते काढलं तर पुस्तकच उरत नाही गं."

"मग?" ती म्हणाली, आणि पुढची जुडी ओढली.

हे लिहायला तिची हरकत नाही. आजारपणातलं तिचं एकही वाक्य द्यायचं नाही, एवढी अट आहे.

प्रकाशकाला फोन करून आवृत्ती नको म्हणालो. "अहो, पण का?" त्याने विचारलं. बायको शेजारीच बसली होती. तिच्यादेखत सांगितलं.