माईकवरचा ‘माजी’

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, वडवणीजवळच्या एका मंगल कार्यालयात, मी माईकवरून एका गृहस्थांना ‘माजी सरपंच’ म्हणालो. ते खुर्चीतून उठले आणि गाडीकडे चालू लागले. त्यांच्यामागे पंचवीस-तीस माणसं उठली.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता.

आमच्याकडे अक्षता पडण्याआधी पाहुण्यांचे सत्कार होतात. नाव पुकारायचं, फेटा बांधायचा, पुढचं नाव. पुकारण्याचं काम आम्ही दोघं करतो. मी पूर्वी बातमीदार होतो. जोडीदाराचं चौसाळ्यात किराणा दुकान आहे. मी आदल्या दिवशी यादी करतो, प्रत्येकाचं पद फोनवर तपासून घेतो आणि लग्नाच्या सकाळी माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. जोडीदार यादी करत नाही. फेटे येईपर्यंत तो गाडीत झोपतो. एकदा त्याने नवरदेवाच्या मामांना नवरीचे मामा म्हणून पुकारलं होतं. त्या दिवशी तो दोन पंगतींना जेवला.

मी पुकारलेलं पद बरोबर होतं. गृहस्थांची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. दोन ठिकाणी विचारून घेतलं होतं. समोर बसलेल्या माणसाला माईकवर माजी म्हणायचं नसतं, हे मात्र इकडे कुणी कुणाला सांगत नाही.

नवरीचे वडील धावत आले. “सर, काय केलं हो हे? आबा न जेवता गेले तर अर्धं गाव उठंल. पोरीच्या लग्नाला बोल लागंल.”

“पण ते माजीच आहेत,” मी म्हणालो.

“आजच्या दिवस लई खरं बोलू नका.”

मी यादीची पानं पुढेमागे करू लागलो. जोडीदाराने माझ्या हातातून माईक काढून घेतला. “कामून घाम पुसतो रं? परीक्षा हाय का इथं? बस खाली.”

मग तो माईकवर बोलला. “मंडळी, आबांचा फेटा ऱ्हायला. ऱ्हाणारच! आबा पाव्हणे न्हाईत, घरचे हाईत. पंगतीची काळजी लागली म्हणून आचाऱ्याकडं निघालेत. आबा, वाट चुकली का काय? भटारखाना डाव्या हाताला हाय!”

मांडव हसला. गाडीचं दार उघडं होतं. आबांनी ते लावलं.

“त्या सरांना सांग,” ते तिथूनच ओरडले, “पद माजी झालंय, आबा न्हाई!”

आणि डाव्या हाताला वळले. त्यांच्यामागची माणसंही वळली. भटारखान्यात आबांनी वरण चाखलं आणि आचाऱ्याला मीठ वाढवायला लावलं. फेटा त्यांना तिथेच, चुलीजवळ बांधण्यात आला.

अक्षता बारा अठ्ठावन्नला पडल्या. आबा पहिल्या रांगेत उभे होते. पहिल्या पंगतीत जोडीदार जेवायला बसला.

मी शेवटच्या पंगतीला बसलो. बुंदीची बादली आबांच्या हातात होती. माझ्या पत्रावळीवर त्यांनी दोनदा वाढली.