डाव्या बाजूची चेन

हा गुन्हा मला आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. पण निवृत्तीनंतर कुणी "एखादी आठवण सांगा" म्हटलं की माझ्या तोंडी पहिल्यांदा येते ती एका जुन्या सायकलची चोरी. बायको म्हणते, लोकांना वाटेल तुम्ही जन्मभर सायकलीच पकडल्या. वाटू दे. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा जळगावच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सायकलचोरीची तक्रार ठाण्यात कशी घेतली जाते ते लपवण्यात अर्थ नाही. ठाणे अंमलदार आधी खरेदीची पावती मागतो. पावती नसतेच. मग "सापडली तर कळवू" असं सांगितलं जातं, आणि माणूस पुन्हा येत नाही. हा माणूस पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला.

तो एका शाळेत लिपिक होता. आपल्याकडे शाळेच्या लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो. भाऊसाहेब राहायला धरणगावला. रोज सकाळच्या गाडीनं जळगावला उतरायचे आणि स्टेशनासमोरच्या सायकल स्टँडवर ठेवलेली आपली सायकल काढून शाळेत जायचे. संध्याकाळी सायकल परत स्टँडवर. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजवा पाय बारीक, त्याला मांडीपर्यंत लोखंडी कॅलिपर. त्याच पायाच्या ऑपरेशनसाठी ते दोन महिने रजेवर होते. परत आले तर सायकल नाही. स्टँड रस्त्याच्या अलीकडे, रेल्वेच्या हद्दीबाहेर, म्हणून गुन्हा आमच्याकडे.

तिसऱ्या वेळी ठाणे अंमलदार त्यांना समजावत होता की भाऊसाहेब, एवढी जुनी सायकल, दुसरी घेऊन टाका, नाहीतर तीनचाकीसाठी अर्ज करा, सरकार देतं. माझ्या केबिनचं दार उघडं होतं. भाऊसाहेबांचा आवाज चढला नाही, पण शब्द मला स्पष्ट ऐकू आले.

"दुसरी घेता आली असती, तर मी तुमच्या दारात आलो नसतो."

मी त्यांना आत बोलावलं. बसा म्हटलं तर म्हणाले, उठबस करायला मला वेळ लागतो, उभाच बरा आहे. मग त्यांनी सायकलची हकिगत सांगितली. सगळ्या सायकलींची चेन उजव्या बाजूला असते. त्यांच्या कॅलिपरची पट्टी त्या चेनमध्ये अडकायची, कॉलेजात असताना ते दोनदा आपटले होते. वडील धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी पोरासाठी चेनच डावीकडे घेतली. ऐकायला सोपं वाटतं, पण मागच्या चाकाची दातेरी चक्री, जिला फ्रीव्हील म्हणतात, ती उलटवून डावीकडे लावली तर पेडल मारता मारता आपोआप उघडून येते. म्हणून वडिलांनी जिनिंगच्या लेथवर चाकाच्या हबला आणि फ्रीव्हीलला उलटे आटे पाडले. उजव्या पेडलला पत्र्याचा जोडा वेल्ड केला, त्यात तो पाय नुसता बसायचा. सगळा जोर डाव्या पायाचा. गिअर वगैरे काही नाही, पुढे एक चक्र, मागे एक चक्र, मध्ये चेन. वडील वारले, ते जिनिंगही बंद पडलं.

सायकल गेल्यापासून शाळेतले लोक त्यांना आळीपाळीनं स्टेशनवरून स्कूटरवर न्यायचे. मुख्याध्यापकांनी तर अगदी मायेनं सुचवलं होतं की आता तब्येतही साथ देत नाही, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा. अजून बरीच नोकरी बाकी असलेल्या माणसाला!

"सगळे चांगले आहेत, साहेब," ते म्हणाले. "कुणाबद्दल तक्रार नाही. पण नोकरीला लागल्यापासून मी कुणाच्या मागे बसलो नव्हतो."

मला ते लागलं. मी तिथल्या तिथे गुन्हा नोंदवून घ्यायला सांगितलं आणि तपास एका जुन्याजाणत्या हवालदाराकडे दिला. हा गडी पारोळ्याकडचा, अंगानं जाड आणि चिकाटीनं त्याहून जाड. त्यानं शहरातला एकही भंगारवाला सोडला नाही. स्टँड सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यालाही दोन दिवस घोळात घेतलं, पण त्याला काही सांगता येईना. इथे टेम्पोत सायकली चढतात-उतरतात, मी कुणाकुणाला विचारू, एवढंच तो म्हणत राहिला. आठवडाभरानं हवालदार रिकाम्या हातानं माझ्यापुढे उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला,

"साहेब, बठ्ठा भंगारवाला पाही उनू. सायकल कोठेच नही शे."

तपास थंडावला. भाऊसाहेब मात्र दर सोमवारी शाळा सुटल्यावर यायचे, दारातून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो, आणि ते जायचे.

आता थोडं माझ्याबद्दल. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला सायकल चालवायला लावली होती आणि त्या निमित्तानं मी जळगाव-धुळ्याच्या सायकलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होतो. तिथे बोलत नव्हतो, नुसता वाचायचो. त्यात प्राध्यापक, डॉक्टर, दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले, सगळी भली माणसं. पण गिअरची सायकल चांगली की बिनगिअरची या विषयावर ती अशी भांडायची की आमच्या ठाण्यातल्या भाऊबंदकीच्या तक्रारी सौम्य वाटाव्यात. बिनगिअरवाल्यांचं म्हणणं, जेवढं कमी तेवढं कमी बिघडतं. मागच्या चक्रीला सोळा दात ठेवावेत की अठरा, यावर चार दिवस वाद चालायचा. याच ग्रुपवर जुन्या सामानाची देवघेवही व्हायची. कुणी सीट विकायचं, कुणी चाक, कुणी हँडल. एकमेकांची वस्तू तपासून घेणं तिथे कमीपणाचं मानत. विश्वासावर चालायचं सगळं.

एका सकाळी चहा घेताना त्यावर धुळ्याच्या एका तरुण प्राध्यापकाचा प्रश्न वाचला. त्यानं ग्रुपमधूनच मागचं जुनं चाक घेतलं होतं, साधी बिनगिअरची सायकल जोडायची म्हणून. पण चाकाची तऱ्हाच वेगळी. पेडल पुढे मारलं तर फ्रीव्हील मोकळी फिरते, मागे मारलं की चाक धरते. दुकानदाराकडून ती काढून नवी आणली, तर नवीचे आटेच बसेनात. लगेच सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे ग्रीस घाल, कुणी म्हणे आतली स्प्रिंग गेली, कुणी म्हणे कंपनीचाच दोष. शेवटी ग्रुपचे म्होरके, धुळ्याचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांनी थट्टेनं लिहिलं की जुनीच चक्री परत लाव आणि चाक उलटं घाल, म्हणजे चालेल. मग चेन तेवढी डावीकडे घ्यावी लागेल.

त्याखाली हसण्याच्या चित्रांची रांग लागली. माझा चहा राहिला तसाच. सगळं शहर पालथं घातलं आणि चाक माझ्याच हातातल्या फोनवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, धुळ्याच्या ठाण्याला वर्दी दिली आणि भाऊसाहेबांना बरोबर घेऊन आम्ही धुळ्यातल्या देवपूर भागात त्या प्राध्यापकाच्या घरी गेलो. बिचारा आम्हाला बघून घामाघूम झाला. चाक त्यानं स्वतःहून समोर आणून ठेवलं. मी दोन पंच बोलावले. पण अडचण अशी की चाक म्हणजे चाक. हे आपलंच, हे भाऊसाहेब कशावरून सांगणार?

मी विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून तेलकट फडक्याची एक पुरचुंडी काढली. आत फ्रीव्हील होती, कधी न वापरलेली.

"वडिलांनी एकदम दोन केल्या होत्या," ते म्हणाले. "मी नसेन तेव्हा पहिली झिजेल, असं म्हणाले होते."

त्यांनी ती हबवर टेकवली आणि उलट्या दिशेनं फिरवायला सुरुवात केली. प्राध्यापकाची नवी फ्रीव्हील जिथे अर्धा फेराही घेत नव्हती, तिथे ही कुठेही न अडता शेवटपर्यंत जाऊन बसली. पंच पुढे वाकून बघत होते. भाऊसाहेबांनी हात काढला आणि माझ्याकडे न बघता, आपल्याच मुलखाच्या हवालदाराला ते घरच्या बोलीत म्हणाले, "हाई मन्हा बापना हातनं काम शे."

हवालदारानं टोपी काढून डोकं पुसलं.

चाक विकणारा माणूस आमच्या जळगावचाच. नळ-पाईपच्या सामानाचं चांगलं चालणारं दुकान, ग्रुपमध्ये मान, कुठलीही जुनी वस्तू मिळवून देणारा म्हणून ख्याती. त्याला शेठ म्हणू. मी त्याला ठाण्यात बोलावलं. तो छान कपडे करून आला आणि विचारायच्या आधीच म्हणाला की बोदवडच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून नुसतं चाक घेतलं, बाकी मला काही ठाऊक नाही. भंगारवाल्याचं नाव? आठवत नाही. चेहरा? गर्दी होती.

अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. तो वकिलाचं नाव घेतो आणि गप्प बसतो. त्याला बोलू द्यावं लागतं, आणि शहाण्या माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या शहाणपणाला हात घालावा. मी चहा मागवला. सायकलींच्या गप्पा काढल्या. सोळा दात की अठरा, विचारलं. शेठ खुलला. हवालदार कोपऱ्यात जबाब लिहीत बसला होता. मग मी सहज म्हटलं, ग्रुपवर लोक म्हणतात तुमच्या चाकात दोष आहे.

शेठला ते झोंबलं.

"चाकात काही दोष नाही, साहेब. दोष ज्यानं जोडली त्याच्या डोक्यात. अडाण्यानं चाकच उलटं घातलेलं, चेन डावीकडे, आणि उजव्या पेडलला चक्क पत्र्याचा जोडा वेल्ड केलेला. असं कुणी करतं का?"

हवालदाराचं पेन थांबलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"शेठ, तुम्ही तर नुसतं चाक घेतलं होतं."

त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर त्यानं फारसा त्रास दिला नाही. दुकानाच्या गोदामात सायकलीचा सांगाडा, हँडल आणि तो पत्र्याचा जोडा असलेलं पेडल मिळालं. चेन त्यानं फेकून दिली होती. आणखी काही सायकलींचे भागही निघाले. स्टँडवर धूळ खात पडलेली सायकल दिसली की हा दुकानाचा टेम्पो पाठवून ती उचलायचा. चांगल्या कपड्यातल्या माणसाच्या टेम्पोला म्हातारा काय अडवणार? मी त्याला विचारलं, तुमच्यासारख्याला हे करायची गरज काय? तो म्हणाला, ती बेवारस होती, साहेब. आणि अशी उलटी जोडलेली, म्हणजे कुणाच्या कामाचीही नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी आजही सांगतो. सुशिक्षित चोर वस्तू उचलण्याआधी तिला दुसरं नाव देतो. भंगार म्हणतो, बेवारस म्हणतो. मग हात कापत नाही.

दोषारोपपत्र गेलं. कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर भाऊसाहेबांना द्यायचा ठरला. त्या दिवशी धुळ्याहून प्राध्यापक आले, नानाही आले, नवी चेन घेऊन. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली दोघांनी मिळून सायकल जोडली. नानांनी सवयीनं चेन उजवीकडे धरली आणि स्वतःच जीभ चावली.

भाऊसाहेब एका बाजूला पेडलवरचा पत्र्याचा जोडा फडक्यानं पुसत होते. शेठ काय म्हणाला होता ते मी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते चिडतील. मी तर चिडलोच होतो. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

"बरोबर आहे त्यांचं, साहेब. माझे दोन्ही पाय चालत असते, तर मलाही ती उलटीच दिसली असती."

नव्या पोरांना आम्ही तपास शिकवताना सांगायचो, जिथे काही उलटं दिसेल तिथे संशय घ्या. मी स्वतः किती जणांना हे सांगितलं असेल. ते चूक नाही, पोलिसाला तसं बघावंच लागतं. पण त्या गुन्ह्यानंतर मी त्यात एक वाक्य घालायला लागलो. उलटं दिसलं तर आधी विचारा, हे कुणासाठी केलंय. पोरं मान डोलवायची. त्यांना काय कळायचं, देव जाणे.

सायकल तयार झाली तेव्हा मी भाऊसाहेबांना म्हटलं, पायाचं ऑपरेशन झालंय, आज आमची जीप स्टेशनवर सोडेल, सायकल मागे टाकू. शाळेचा शिपाईही स्कूटर घेऊन त्यांना न्यायला आला होता. भाऊसाहेबांनी दोघांचेही आभार मानले. मग उजवा पाय हातानं उचलून जोड्यात बसवला, डाव्या पायानं जमिनीला रेटा दिला आणि फाटकातून बाहेर पडले. शिपाई काही वेळ तसाच उभा राहिला. मग स्कूटरला किक मारून, रिकाम्या सीटसह, त्यांच्या मागे मागे गेला.