जुन्या बँकेतलं स्टेकहाउस

त्या गावात स्टेकहाउस उघडलं तेव्हा मला तिथं येऊन वर्ष उलटून गेलं होतं. गाव खाणीचं. एके काळी तिथल्या जमिनीतून चांदी निघायची म्हणे. मी गेले त्या सुमाराला एकच खाण चालू होती, तीही रडतखडत. मुख्य रस्ता मात्र भरभराटीच्या दिवसांत आखलेला, एवढा रुंद की पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. दोन्ही बाजूंना दगडी इमारती, निम्म्या कुलूपबंद. त्यांतल्या एकीत पूर्वी बँक होती. बँक गेली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शहरातून आलेल्या एका बाईने तिथं स्टेकहाउस काढलं.

मी गावच्या छोट्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. मूळची वसईची, शिक्षण मुंबईत. ऑस्ट्रेलियात आले ती वॉलॉंगॉंगला मावसभावाच्या घरी. तिथं कायमची नोकरी मिळेना. ही जागा कोणालाच नको होती, म्हणून मला मिळाली. खाणीत आयुष्य काढलेली माणसं छातीचा फोटो काढायला येत. मी म्हणायचे, “श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.” दिवसाकाठी माझं बोलणं बहुतेक एवढंच.

हॉस्पिटलच्या किचनमध्ये एक स्वैपाकीण होती. पन्नाशीची, भरदार, कोपरापर्यंत लाल झालेले हात. पहिल्याच दिवशी दुपारी तिने माझ्यासमोर झाकलेली प्लेट ठेवली.

“तुझ्यासाठी वेगळं केलंय, लव. बीफ नाही, हॅम नाही. नुसतं चीज आणि टोमॅटो. तुमच्या लोकांचं काय असतं ते मी मासिकात वाचलंय.” तिथल्या बायका कोणालाही प्रेमाने ‘लव’ म्हणत.

आमच्या घरी दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलं की आई बीफ शिजवायची. घरचा कुटलेला मसाला, व्हिनेगर, मंद आचेवर दोन-तीन तास. सगळ्या गल्लीला वास यायचा. पण ही बाई इतक्या आनंदाने उभी होती की मी थँक यू म्हटलं आणि सँडविच खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकलेली प्लेट. आठवडाभराने सांगायचं ठरवलं, तर सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. सगळ्या हॉस्पिटलला माझा धर्म ठाऊक झाला होता, फक्त तो माझा नव्हता.

चर्चमध्ये मला बघणारी दहा-बारा माणसं होती, पण ती सगळी म्हातारी, आणि फादर पंधरवड्याने येत. तिथल्या एका आजीने मला प्रेमाने विचारलं होतं, “तुला येशूकडे कोणी आणलं गं?” मी म्हटलं, “आईने.” तिने माझा हात थोपटला. तिला वाटलं, आईनेच कुठल्या तरी मिशनरीचं ऐकलं असेल. आमच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या वसईच्याच चर्चच्या आवारात पुरल्या आहेत, हे रस्त्यावर उभ्या उभ्या कसं सांगणार?

स्टेकहाउस उघडल्यावर गावात दुसरा विषयच नव्हता. काचेच्या कपाटातून आपला मांसाचा तुकडा आपण निवडायचा आणि हॉलच्या मधोमध असलेल्या लांबलचक शेगडीवर आपणच भाजायचा. हॉस्पिटलची मंडळी एका शुक्रवारी मिळून जाऊन आली. मला सोमवारी कळलं. मेट्रनने मला बाजूला घेतलं.

“तुला विचारलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हं. तिथं तुला खाण्यासारखं काहीच नाही. उगाच तुझी पंचाईत नको, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.”

“नो वरीज,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी क्वार्टरवर आले आणि दिवा न लावता बसून राहिले. कोणी वाईट वागलं असतं तर रागावता आलं असतं. इथं सगळ्यांनी बसून माझा विचार केला होता, आणि विचार करूनच मला वगळलं होतं.

शनिवारी मी निळा ड्रेस घातला आणि एकटीच स्टेकहाउसला गेले. बाईने एकटीने हॉटेलात जेवायला जाण्याची तिथं रीत नव्हती. मालकीण दारातच भेटली.

“किती जण?”

“मीच.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “लव, आमच्याकडे फक्त स्टेकच असतो. माहीत आहे ना?”

“म्हणूनच आले.”

बँकेचं जुनं काउंटर तिने तसंच ठेवलं होतं. त्यावर आता बटाट्याचं सॅलड, कापलेलं बीट आणि डब्यातल्या अननसाच्या चकत्या मांडल्या होत्या. मी कपाटातला सगळ्यात लहान तुकडा घेतला. तोही माझ्या तळव्यापेक्षा मोठा. शेगडीभोवती माणसं हातात बिअर आणि चिमटे घेऊन उभी होती. मला बघून त्यांनी जागा करून दिली, जरा जास्तच. मी तुकडा ठेवला आणि मला कळलं, आयुष्यात एवढं मोठं मांस मी कधी भाजलेलंच नाही. आमच्याकडे ते बारीक कापलेलं असतं.

शेजारी एक म्हातारा उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “श्वास रोखून धरा!”

“काय?”

“तूच ना ती? हॉस्पिटलातली? पांढऱ्या कोटाशिवाय ओळखलंच नाही.” तो हसला आणि हसता हसता खोकला. “माझी बायको गेल्यापासून घरी शेगडी पेटवलीच नाही. म्हटलं, इथं तरी कोणी करून देईल. तर इथंही आपलं आपणच!”

बोलण्याच्या नादात त्याचा स्टेक एका बाजूने कोळसा झाला. माझा आतून कच्चा राहिला होता. आम्ही एकाच टेबलावर बसलो, कारण दुसरं रिकामं नव्हतं. त्याने मला बायकोबद्दल सांगितलं. ती बागेत गुलाब लावायची आणि त्या मातीत एकही जगायचा नाही, तरी दर वर्षी लावायची. मी त्याला वसईच्या केळीच्या वाड्या सांगितल्या. त्याने मध्येच विचारलं, “मग तुमच्यात गाय चालते?”

“आमच्यात चालते,” मी म्हटलं. “आम्ही कॅथलिक.”

“हो का? माझी बायकोही.” आणि तो आपला जळका तुकडा कापायला लागला. त्या गावात मी ते पहिल्यांदा बोलले होते, आणि बोलायला काहीच कठीण नव्हतं.

नेमकी तेव्हाच मेट्रन नवऱ्याबरोबर आत आली. तिने मला पाहिलं, मग माझी प्लेट. हात हलवला आणि लांबच्या, तेवढ्यात रिकाम्या झालेल्या टेबलाकडे निघून गेली.

सोमवारी मी किचनमध्ये गेले तर प्लेट नव्हती. स्वैपाकिणीने माझ्याकडे न बघता मोठ्या ट्रेकडे बोट केलं. “घे त्यातलं काहीही. तुला सगळंच चालतं म्हणे.”

“मी तुला सांगणार होते.”

“वर्षभर?” ती कढई घासत होती, ती थांबली. “ते चीज हॉस्पिटलच्या सामानात येत नाही. मी दर गुरुवारी दुकानातून वेगळं आणायचे. मला वाटायचं, पोर एवढ्या लांब एकटी राहते, निदान तिचं व्रत तरी मोडायला नको.”

“मला ते सँडविच आवडायचं. खरंच.”

“आता तसं म्हणायची गरज नाही, लव.”

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी ट्रेमधलं कोल्ड बीफ घेतलं आणि माझ्या खोलीत जाऊन खाल्लं. त्या गावात रोज कोणीतरी माझी आठवण काढत होतं, गुरुवारी दुकानात उभं राहून काढत होतं, हे मला ते बंद झाल्यावर कळलं.

बाकीच्यांनी गोष्ट वेगळीच करून टाकली. स्टेक पाहून मी माझा धर्म सोडला, अशी बातमी पसरली आणि सगळ्यांना ती फार आवडली. पुढच्या डिनरला मला आग्रहाने नेलं. मी पहिला घास घेतला तेव्हा टाळ्या वाजल्या. “आता तू खरी ऑसी!” कोणीतरी ओरडलं. मी म्हटलं, “अहो, मी लहानपणापासून खाते.” गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही. स्वैपाकीण त्या दिवशी आली नव्हती.

एका रविवारी मी सिडनीहून मागवलेल्या धण्या-मिरच्यांचा मसाला केला आणि आईसारखं बीफ शिजवलं. वाडगा रुमालात बांधून स्वैपाकिणीच्या घरी नेला. दार नवऱ्याने उघडलं. ती बहिणीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी वाडगा स्वच्छ धुऊन माझ्या टेबलावर ठेवलेला होता. मी भेटल्यावर ती म्हणाली, “आमच्यासाठी जरा तिखट होतं. पण थँक्स.” आम्ही त्यानंतरही रोज गुड मॉर्निंग म्हणत राहिलो. तिच्या मनात राग नव्हता. तिला माझं काही करायला उरलं नव्हतं, एवढंच.

शनिवारी मी स्टेकहाउसला जात राहिले. म्हातारा असला की आम्ही एकत्र बसायचो. बोलायचे विषय हळूहळू संपले, तरी बसायचो. हिवाळ्यात त्याची मुलगी त्याला ॲडलेडला घेऊन गेली. जाण्याआधी तो आणखी एकदा छातीचा फोटो काढायला आला. नेहमीचे शब्द माझ्या तोंडून फुटेनात, तेव्हा त्याने स्वतःच श्वास रोखला आणि मला डोळ्यांनी खूण केली.

पुढच्या वर्षी खाण बंद झाली. स्टेकहाउस तिच्या आधीच बंद झालं होतं. मला वॉलॉंगॉंगला जागा मिळाली आणि एका सकाळी मी बसमध्ये बसले. गाव मागे पडल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, “तुझं कोणी असतं का इथं?”

मी नाही म्हटलं. मग खिडकीबाहेर बराच वेळ लाल माती बघत राहिले.