कापडाच्या ताग्यांनी ठरवलेलं इंजिन

मंडळी, साड्यांचे व्यापारी जिग्नेशभाई आज बायको हेतलबेन यांना घेऊन मालाच्या टेम्पोनं कतारगामच्या माझ्या गॅरेजवर आले. त्यांची दोन माणसांची हलकी स्पोर्ट्स कार माझ्याकडे उभी आहे. तिचं इंजिन सीटच्या मागे असतं. ते कायमचं गेलं, म्हणून दुसरं निवडायचं होतं.

"पाटीलभाई, मोटुं एंजिन ज नाखो! सहा सिलिंडरवाळुं!" मोठंच इंजिन टाका, असा जिग्नेशभाईंचा आग्रह.

मी म्हटलं, "बसवता येईल. पण मागे वजन वाढलं की वळणावर गाडी मागून फेकली जाईल. ही गाडी तुम्हाला आवडली ती छान वळते म्हणूनच ना?"

"छोटं इंजिन बघून मित्र हसतील हो."

हेतलबेन म्हणाल्या, "मित्र कुठे बसणार आहेत? शेजारी मी बसते!"

वाद काही मिटेना. शेवटी त्यांच्याच टेम्पोतले कापडाचे तागे आम्ही इंजिनच्या रिकाम्या जागेत रचले, मोठ्या इंजिनाच्या वजनाइतके. गाडी मागून खाली बसली आणि नाक वर गेलं.

 मग जिग्नेशभाई स्वतःच एकेक तागा उतरवू लागले. गाडी सरळ झाली तेव्हा थांबले. गाडीत उरलेले तागे वजनकाट्यावर ठेवले, तर वजन चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनाएवढं भरलं.

"बस, हेच टाका," म्हणाले आणि बायकोकडे बघून हसले.

संध्याकाळी दिवा लावला, तेव्हा मन इतकं भरलं होतं की देवाकडे काही मागावंसं वाटलं नाही. तुम्ही कधी हौसेनं चढवलेलं ओझं स्वतःच्या हातानं उतरवलंय का?