गाबोळीची वाटी

दिरांचा इस्पितळातून फोन आला तेव्हा मी मासे साफ करत होते. "वैनी, ती गेली," एवढंच म्हणाले. हात धुतले आणि निघाले.

शेवंती माझी धाकटी जाऊ. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला स्वतःच्या पोटातलं काहीएक ठाऊक नव्हतं. परसात बांगडे साफ करताना मी एकाचं पोट उघडून तिला गाबोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या, दोन फाका दाखवल्या. म्हटलं, आपल्यालाही अंड्यांच्या अशाच दोन असतात, पिशवीच्या दोन्ही बाजूंना. अंडं तिथून नळीत येतं, नळीतून पिशवीत. "मला पण?" म्हणाली. "तुला काय देवानं वेगळी घडवलीय?" त्यावर दिवसभर हसत होती.

तिला मूल झालं नाही. नळ्या बंद आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून तिनं गाबोळी खाल्ली नाही. न फोडता अलगद काढायची, पितळी वाटीत ठेवायची आणि तळून माझ्या पोरांना वाढायची...

पाळी थांबूनही बरीच वर्षं झाली होती. गेल्या गणपतीत मात्र ती नैवेद्याला हात लावीना, मागीलदारी बाजूला बसून राहिली. मी म्हटलं, "काय गो, या वयात कसली शिवताशिवत?" तिनं मान खाली घातली. "आलं परत, अक्का." तिला आनंद झाला होता. मी म्हटलं, "उद्याच डॉक्टरकडे चल." "नको. डॉक्टर काय करणार? बंद करणार." शिमग्यापर्यंत हेच. मी भांडायचे, ती म्हणायची, "तुझं काय जातं, तुला तीन झाली."

चक्कर येऊन पडली तेव्हा रत्नागिरीला नेली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बाळ येईल म्हणून पिशवी दर महिन्याला आतून अस्तर धरते; बाळ आलं नाही की ते रक्त होऊन गळतं. पाळी कायमची थांबली की हे कामही थांबतं. पुढे रक्त दिसलं तर ते दुखण्याचं समजायचं, लगेच तपासायचं. शेवंतीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ती पाळी नव्हतीच?"

"नव्हती, मावशी."

नळ्यांचं कळलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

ऑपरेशन झाल्यावर काढलेली पिशवी मला ट्रेमध्ये दाखवली. देठ खाली करून धरलेल्या काजूच्या बोंडूसारखी, तेवढीच. दोन्हीकडे बारीक नळ्या, त्यांच्याजवळ सुकून बदामाएवढ्या झालेल्या अंड्यांच्या त्या दोन फाका. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "कशी होती गो?"

"लहान होती."

"मूल मावलं असतं त्यात?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "मावतं. मूल वाढतं तशी तीही वाढते."

ती भिंतीकडे वळली. दुखणं तोवर पोटात पसरलं होतं... पावसाळा सरेपर्यंतही टिकली नाही.

असलं पेपरात कशाला लिहायचं, असं कोणी म्हणेल. हे प्रत्येकीच्या पोटात आहे, म्हणून लिहिलं.

काल बांगड्यात गाबोळी निघाली. माझा हात जड, नेहमी फुटते; काल अख्खी आली. तिच्या वाटीत ठेवली. पोरं कधीच मुंबईला गेलीत. तळली, वाटी समोर घेऊन बसले, आणि मला एक घास गिळता आला नाही.