मैदानाबाहेरचा चौकोन

निंबा सर रोज सकाळी चुन्याच्या फक्कीने खो-खोचं मैदान आखायचे आणि रोज एक चौकोन जास्तीचा आखायचे. मधल्या पाटीवर बसणाऱ्यांचे आठ चौकोन, ते रीतसर. नववा मात्र थेट कुंपणापाशी, मैदानाच्या बाहेर. प्रकाशा गावाजवळच्या आमच्या शाळेत मी नवी रुजू झाले तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याची मोजणी चुकतेय. मी गणिताची बाई, गप्प थोडीच बसणार! जाऊन सांगितलं. सर हसले. "बाई, तो बाहेरना पोरेसना शे. शायाम्हा नाव नही, पन पाय तर शेतस ना!"

ज्यांच्या इंग्रजी शाळेला मैदानच नव्हतं अशी पिवळ्या व्हॅनमधली मुलं तिथे येऊन बसत. घरकामाला जुंपलेल्या मुलीही येत. कुंपणापाशी कुणी रेंगाळलं की सर ओरडत, "उभा काय ऱ्हायना? ये, बठ!" आणि पाळी आली की त्यांना खेळात घेत.

रोशनी तिथलीच. त्याआधी ती माझ्या नववीच्या वर्गात होती. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार. आई लकव्याने अंथरुणाला खिळली आणि पोरगी शाळेत यायची थांबली. आमच्याकडे अशी नावं पटावर तशीच ठेवतात. पट घटला तर शिक्षकाची जागा जाते, म्हणून सगळेच डोळेझाक करतात. पण मला माझ्या स्वच्छ हजेरीपटाचा भारी तोरा! सर फक्कीने माखलेल्या हातांनी वर्गाच्या दारात आले. "बाई, थांबी जा थोडं. गैरहजर मांडा, पन नाव ऱ्हावू द्या. कोननं काय बिघाडस ते?"

"नियम म्हणजे नियम, सर," मी म्हणाले आणि लाल शाईने नाव कमी केलं. त्या लाल रेघेचा तेव्हा मला अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज माझीच मला किळस येते.

पुढच्या वर्षी रोशनीने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी अभ्यास करायचा, परीक्षा मात्र आमच्याच शाळेतून द्यायची. संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की ती पळत येऊन नवव्या चौकोनात बसायची. खांबाला वळसा घालताना तिचा वेग असा की आमच्या पटावरच्या एकीलाही ती सापडत नसे. बापाने निंबा सरांना बजावलं होतं, "खेळना वसतिगृहम्हा नंबर लागना तर धाडसू. नही तर दिवाळी व्हयनी का लगीन." निझरकडचं स्थळ ठरलेलं होतं. पोरीला सोळावं चालू होतं. वसतिगृहाची निवड शालेय स्पर्धेतूनच होणार होती, म्हणजे तिला संघात घेणं भागच होतं.

सरांनी यादीत बारावं नाव तिचं लिहिलं. त्यासाठी गायत्री वगळली. गायत्रीचे वडील तावातावाने आले. "मन्ही पोर रोज शायाम्हा येस. तिनी जागा घरबठी पोरले का म्हनीसन?"

सरांनी यादी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "तुम्हनं बी खरं शे." पण नाव त्यांनी बदललं नाही.

स्पर्धेत हजेरीपट तपासतात. रोशनीला अडवणार हे मला कळत होतं, आणि कशापायी तेही. शेवटी मीच, हो, मीच, सरांना म्हणाले, "तिला गायत्रीच्या नावावर खेळवा. ओळखपत्रावरचा फोटो कोण बघतंय?"

"तुम्ही म्हनतस हाई, बाई?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "निवड व्हयनी तर कोननी व्हई? गायत्रीनी. वसतिगृहम्हा कोन जाई? गायत्री. रोशनी मंग नवरानाच घर जाई."

स्पर्धेच्या टेबलावर सरांनी सतरा नंबरच्या फॉर्मची पावती ठेवली. तिथल्या अधिकाऱ्याने ती उलटसुलट पाहिली. "हजेरीपटावर नाव आहे?" सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मलाच सांगावं लागलं, "नाही. मी कमी केलं."

माणूस वाईट नव्हता. हळहळला. "नुसती गैरहजर असती, तरी घेतली असती हो."

"परीक्षाले तुम्हनी, नि खेयाले परकी?" रोशनी मला म्हणाली.

सरांनी हात जोडले. "निकालम्हा धरू नका, साहेब. फक्त पाच मिनिट पयू द्या. निवडवाला देखी लेतीन." सामना चालू असताना कधी खाली न बसणारा तो माणूस टेबलासमोर मातीत बसला. अधिकाऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या शाळेचं नाव पुकारलं.

त्यानंतर सर रोशनीच्या बापाच्या उंबऱ्यावर तीनदा गेले. बालविवाहाची तक्रार करीन असं मी बजावलं, तर घरच्यांनी लग्नच हद्दीपलीकडे, गुजरातेत नेऊन उरकलं.

दिवाळीनंतर मैदानावर आठच चौकोन दिसले. मी विचारलं, "सर, नववा?" फक्कीचं घमेलं खाली ठेवून ते म्हणाले, "कोनले बठाडू, बाई? उठाडनं बी मालेच पडस." पुढे पुढे कुंपणापाशी पोरं उभी राहत आणि आपली आपण निघून जात.

गेल्या उन्हाळ्यात निंबा सर गेले. सकाळीच छातीत कळ आली, शहाद्याला नेईपर्यंत संपलंसुद्धा. दुखवट्याला दारावर बसायला आलेल्या बायकांमध्ये रोशनी होती, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. सरांच्या फोटोपुढे ती रडली नाही. उठून सरळ माझ्याकडे आली. मी म्हणाले, "पोरी, चुकलं माझं." ते तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

"बाई," कडेवरच्या लेकराला सावरत ती म्हणाली, "हिनं नाव तुम्हीच टाका शायाम्हा. आनि ही गैरहजर ऱ्हायनी, तरी खोडू नका."