सदतिसावं घर

नाव : महेंद्र धाकू गमरे. वय : वर्षे त्रेपन्न. राहणार : नाचणे, तालुका व जिल्हा रत्नागिरी. व्यवसाय : अनुपस्थित मालकांच्या स्थावर मालमत्तेची नियतकालिक पाहणी, वायुवीजन व छायाचित्रण. अखत्यारीतील मालमत्ता : सदतीस. दर्जा : अधिकृत किल्लीधारक. साधनसामग्री : दुचाकी एक, वाळवीच्या औषधाचा पंप एक, कड्याकोयंड्यांसाठी तेलाची बाटली एक, लॅपटॉप (कामाचा) एक.

हे वर्णन महेंद्रने स्वतःच तयार केलेलं आहे. नव्या मालकाला तो ते छापून देतो. मालक मुंबईला, पुण्याला किंवा त्याहून लांब असतो आणि परत निघायच्या घाईत असतो, त्यामुळे तो कागद घडी करून खिशात घालतो आणि किल्ली देतो. गेली अकरा वर्षं हे असंच चाललेलं आहे.

काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं आहे. बंद घर महिन्यातून दोनदा उघडायचं. खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, कोपऱ्यांत वाळवीची माती बघायची. मग ठरलेल्या क्रमाने अकरा फोटो काढायचे. एक नंबर दर्शनी दार, दोन नंबर हॉल, असं करत अकराव्याला मागची पडवी. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही, हा नियम. दिवसाला सरासरी तीन घरं होतात. तिसऱ्या घरात, चादरी टाकलेल्या सोफ्यावर न बसता, खाली लादीवर बसून महेंद्र सगळे फोटो लॅपटॉपवर उतरवतो. घर, तारीख, क्रमांक. मालकाला त्यातले दोन-तीन जातात. मूळ फोटो सगळे लॅपटॉपात राहतात. ऐंशी हजारांच्या वर आहेत.

मालक उत्तरं देतात. बहुतेक जण अंगठा दाखवतात. कॅनडातले एक गृहस्थ इतके तत्पर आहेत की मेसेज पोचायच्या आधी अंगठा येतो, असं महेंद्रचं म्हणणं. एकदा त्याने ‘हॉलचा पंखा खाली पडला आहे’ असं कळवलं. अंगठा आला.

महेंद्रचे वडील धाकू गमरे अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होते. वडील निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. रिकाम्या खोल्या झाडून, कुलूप लावून किल्ली जमा करायला एकोणीस वर्षांचा महेंद्र गेला होता. ज्या घरात आपण जन्मलो त्याची पावती मिळते, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढे बऱ्याच नोकऱ्या केल्या, लग्न राहिलं ते राहिलंच, आणि शेवटी किल्ल्या सांभाळणं हाच धंदा झाला. यात योगायोग शोधू नये. रत्नागिरीत बंद घरं पुष्कळ आहेत आणि माणसं कमी.

तर गेल्या नोव्हेंबरात लॅपटॉप टकटक करू लागला. सुरू व्हायला आधीच इतका वेळ घ्यायचा की महेंद्र बटण दाबून चहा ठेवायला जाई. आता चहा पिऊन कप विसळला तरी पडदा काळाच. तो लॅपटॉप घेऊन मारुती मंदिराकडे सावनी शेट्ये यांच्या दुकानात गेला. सावनीताई चाळिशीच्या आहेत, कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि गिऱ्हाइकाची भीड ठेवत नाहीत. त्यांनी लॅपटॉपला कान लावला.

“गमरे, ही डिस्क चाललीय.”

“चालतेय ना?”

“चालत नाय, चाललीय. आत तबकडी फिरते आणि तुम्ही ती गाडीला लावून हातखंब्याच्या खड्ड्यांतून फिरवता. तिने किती सोसायचं? एसएसडी घाला. तिच्यात फिरणारं काही नसतं. आदळली तरी हरकत नाय.”

“भरवशाची कुठली?”

“भरवशाची म्हणजे?”

“म्हणजे जाणार नाय अशी.”

सावनीताईंनी चष्मा काढून पुसला. “तशी माणसात मिळाली तर मला पण सांगा.”

महेंद्रने निवडीला आठ दिवस घेतले. जो माणूस एक खिडकी बंद झाली की नाही हे बघायला आरे-वारेच्या रस्त्यावरून अर्ध्या वाटेत परत फिरतो, त्याच्या मानाने हे कमीच. त्याने वहीत तक्ता आखला. वॉरंटी तीन वर्षं की पाच. डिस्कला स्वतःची तात्पुरती मेमरी आहे की लॅपटॉपची उसनी घेते. आयुष्यभरात एकूण किती माहिती लिहून घेईल. खोका सीलबंद आहे का, वरचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासता येतो का. ऑनलाइन एक डिस्क दिसत होती, बाकी सगळ्यांच्या चौपट जागा आणि दर हास्यास्पद. तिच्यापुढे त्याने ‘खोटी’ असं लिहून दोन रेघा मारल्या. नवव्या दिवशी तो वही घेऊन दुकानात हजर.

“ही सहाशे टीबी लिहून घेते म्हणतात. पुरेल ना?”

“दिवसाला किती भरता?”

“तेहतीस फोटो. दीडशे एमबी धरा.”

सावनीताईंनी कॅलक्युलेटर घेतला. एकदा केलं, मग पुन्हा केलं. “अकरा हजार वर्षं.”

“आणि वॉरंटी?”

“पाच.”

“मग उरलेली दहा हजार नऊशे पंच्याण्णव?”

“ती तुमच्या जबाबदारीवर.”

ती डिस्क त्याने निश्चित केली. पण सावनीताईंचं संपलं नव्हतं. एकच घेऊन भागणार नाही, त्या म्हणाल्या. एक लॅपटॉपात आणि तेच सगळं दुसऱ्या, बाहेरून लावायच्या एसएसडीवर. नेटवर चढवायचा मार्ग होता, पण नाचण्यातल्या त्याच्या खोलीत जेवढं नेट येतं त्यात एक मेसेज जाताना दमतो. तेव्हा दुसरी डिस्क हवीच. आणि ती त्याच खोलीत ठेवायची नाही. आग, पाणी, चोरी, काही झालं तर दोन्ही एकदम जातील.

“आणि नुसती कपाटात टाकून चालत नाय हं. एसएसडीला वीज लागते. कितीतरी दिवस बंद राहिली तर आतलं हळूहळू विसरत जाते. नवी आहे तोवर वर्ष-दोन वर्षं काही होत नाय, पण भरवसा ठेवू नये. सहा महिन्यांनी लावायची, तासभर चालू ठेवायची, मग परत बंद.”

महेंद्रचा चेहरा उजळला. आठ दिवसांच्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं. “म्हणजे उघडून वारा द्यायचा.”

“तसंच समजा. तेव्हा अशा ठिकाणी ठेवा, जिथे कोणीतरी आठवणीने लावेल. आहे ना कोणी?”

“सदतीस घरं आहेत माझ्याकडे.”

“मी घरं नाय विचारली,” सावनीताई म्हणाल्या.

इथे महेंद्रने चूक केली. डिस्क लगेच घेऊन त्याच दिवशी नक्कल करायची, ते सोडून तो आधी माणूस शोधायला गेला. दुसरी कुठे राहणार हे ठरल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही. किल्ली कोणाकडे ठेवायची ते ठरवून मगच घर बंद करायचं, ही त्याची अकरा वर्षांची रीत. टकटक चालूच होती.

बहीण चंपा ठाण्याजवळ दिव्याला राहते. तिला फोन केला.

“दादा, कपाटात माझ्या साड्या मावत नायत, तुझी मशीन कुठं ठेवू?”

“काडेपेटीएवढी आहे गं.”

“आणि ती लावायची कधी?”

“सहा महिन्यांनी. तासभर.”

“मी विसरणार बघ. माझी गोळी रोजची, ती विसरते. तू जेवलास?”

घरमालक, म्हणजे महेंद्रच्या खोलीचे, यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते अकरा महिन्यांच्या कराराची दहाव्या महिन्यात आठवण करून देतात. उरल्या कुसुमकाकू.

कुसुम मुळ्ये, वय एक्क्याऐंशी. आरे-वारेच्या वाटेवर त्यांचा चिऱ्याचा बंगला आहे, मालमत्ता क्रमांक चार. काकू बंगळूरला मुलाकडे असतात. सदतीस मालकांत फोटो डोळे उघडून बघणाऱ्या एकट्या त्याच. ‘महेंद्र, तीन नंबरात कॅलेंडर मार्चवर कसं अजून?’ असा त्यांचा फोन येतो. मग पुढच्या खेपेला महेंद्र रिकाम्या घरातलं कॅलेंडर उलटतो.

त्याने फोन केला. काही विचारायच्या आधी काकूच म्हणाल्या, “बरं झालं केलास. घर विकायचं ठरलंय रे. महिनाअखेरीला किल्ली त्या नव्या लोकांना देऊन टाक.”

“होय काकू.”

“तुझं काही चुकलं म्हणून नाही हं.”

“नाय काकू.”

“सात नंबरचा फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढतोस ना? त्या खिडकीबाहेर मी निघताना एक माड लावला होता. पहिल्या वर्षापासूनचे सगळे सात नंबर आहेत तुझ्याकडे?”

“आहेत.”

“ते सगळे पाठव. ओळीने. तो वाढताना बघायचाय मला. दोन-दोन फोटोंत कळत नाही रे.”

महेंद्रने फोन ठेवला आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. चहा झाला, कप विसळून झाला, पडदा काळा. पुन्हा दाबलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणी ते फोटो मागितले होते आणि ते एका टकटकणाऱ्या डबीत होते. त्या दिवशीची तिन्ही घरं त्याने उघडली नाहीत. वहीत तशी नोंद आहे, कारण लिहिलेलं नाही.

लॅपटॉप घेऊन तो तडक दुकानात गेला. सावनीताईंनी डिस्क बाहेर काढली आणि हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. गंभीर आहे, एवढं त्याला कळलं. सकाळी दहाला नव्या एसएसडीवर नक्कल सुरू झाली. महेंद्र समोरच्या स्टुलावर बसून राहिला. बारा टक्के. एकोणीस. मध्येच आकडा अडे, टकटक वाढे, मग पुढे सरके. दुपारी सावनीताईंनी डब्यातली पोळी-भाजी अर्धी पुढे केली. तो नको म्हणाला आणि खाल्ली. एक्केचाळीस टक्क्यांवर आकडा पाऊण तास हलला नाही.

“माणूस मिळाला का?” त्यांनी विचारलं.

“बघतोय.”

संध्याकाळी पाचला शंभर झाले. अठरा फाइली वाचता आल्या नाहीत. त्या अठराही हातखंब्याजवळच्या एका घराच्या न्हाणीघराच्या निघाल्या. जुनी डिस्क त्यानंतर पुन्हा सुरू झाली नाही. नवीवरून तेच सगळं बाहेरून लावायच्या दुसऱ्या डिस्कवरही उतरवलं.

सात नंबरचे दोनशे एकोणसाठ फोटो काकूंना गेले. लॉकडाउनमधल्या पाच फेऱ्या चुकल्याबद्दल महेंद्रने सोबत दिलगिरी कळवली. दोन दिवसांनी फोन आला.

“बघितले. मुलाने टीव्हीवर लावून दिले. दोनदा बघितले.”

“माड दिसला?”

“दिसला ना. खिडकीत आला, मग वर निघून गेला. आता नुसतं खोडच दिसतं. पण तू कुठेच नाहीस रे त्यात.”

“फोटोत माणूस नको, काकू. नियम आहे.”

“कोणाचा?”

“माझाच.”

“एकशे बाराव्यात खिडकीच्या काचेत तुझा हात दिसतो. फोन धरलेला.”

“चुकून राहिला. काढून पाठवतो.”

“नको,” काकू म्हणाल्या. “राहू दे तो.”

महिनाअखेरीला त्याने किल्ली नव्या मालकांना दिली. पावती मागितली. त्यांना हसू आलं, पण दिली. वहीत मालमत्ता क्रमांक चारवर एक आडवी रेघ आली आणि एकूण छत्तीस झाले.

दुसऱ्या डिस्कसाठी माणूस मिळाला नाही. कॅनडावाल्यांच्या घराचा स्लॅब मजबूत आहे, पाणी शिरत नाही आणि वीज चालू असते. आपली एक वस्तू तुमच्या कपाटात ठेवू का, असं महेंद्रने त्यांना रीतसर विचारलं. अंगठा आला. डिस्क स्टीलच्या डब्यात, डबा वरच्या खणात. वर्षातून दोनदा, एक जानेवारी आणि एक जुलै, लॅपटॉपला जोडायची, तासभर चालू ठेवायची आणि तो तास समोर बसून राहायचं. वहीतला रिकामा झालेला चार नंबर त्याने तिलाच दिला. एकूण पुन्हा सदतीस. एक जानेवारीची पहिली फेरी वेळेवर झाली. सगळे फोटो शाबूत होते, एकशे बाराव्यासकट.

वहीत प्रत्येक मालमत्तेपुढे ‘दुसरी किल्ली कोणाकडे’ असा रकाना आहे आणि नियमाप्रमाणे तो कधी रिकामा सोडत नाहीत. कॅनडावाल्यांची मेहुणीकडे, एका डॉक्टर मालकांची पुण्याच्या घरी, नव्या चार नंबरपुढे ‘म. धा. गमरे’.

नाचण्यातल्या त्याच्या खोलीची नोंद वहीत नाही. तिच्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. दोन्ही त्याच्याच जुडग्यात आहेत.